धूळ पुसणारा ब्रश पुरावाही पुसतो

- विशेष प्रतिनिधी

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमावलीत दुरुस्ती करून कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्रांवर व चित्रफितींवर तशी स्पष्ट नोंद असणे बंधनकारक केले. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये हरकतींसाठी खुल्या झालेल्या मसुद्यात ही नोंद चित्राच्या किमान १० टक्के जागेवर असावी, असे म्हटले होते. अंतिम नियमात ती अट राहिली नाही. चर्चा झाली ती मुख्यत्वे या १० टक्क्यांची आणि आक्षेपार्ह मजकूर हटविण्यासाठी समाजमाध्यम कंपन्यांना दिलेल्या तीन तासांच्या मुदतीची. नियमातील एका अपवादाची चर्चा त्या मानाने कमी झाली. रंगदुरुस्ती, तांत्रिक सुधारणा यांसारखे नेहमीचे, सद्हेतूने केलेले संपादन 'कृत्रिम' या व्याख्येतून वगळण्यात आले आहे. त्यामुळे मूळ आशयाचा विपर्यास होता कामा नये, एवढीच अट आहे.

हा अपवाद आवश्यकच होता. तो नसता तर अर्जावर चिकटवायच्या छायाचित्रातील मुरुमाचा डाग काढणाऱ्या स्टुडिओचालकापासून लग्नाचा करिझ्मा अल्बम सजविणाऱ्या डीटीपी ऑपरेटरपर्यंत सर्वांनाच प्रत्येक चित्रावर खुलासा छापत बसावे लागले असते. तथापि, 'नेहमीचे संपादन' कोठे संपते आणि 'विपर्यास' कोठे सुरू होतो, याची रेषा संगणकाच्या पडद्यावर आखलेली नसते. फोटोशॉपसारख्या प्रणालीत ज्या साधनाने धुळीचा ठिपका जातो, त्याच साधनाने चित्रातील माणूसही जातो. हाताची हालचाल तीच, कळही तीच. गेल्या दोन-तीन दशकांत वृत्तछायाचित्रांच्या संदर्भात गाजलेल्या कित्येक प्रकरणांचे मूळ कोणत्याही अद्भुत तंत्रज्ञानात नव्हते. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकविल्या जाणाऱ्या दोन-चार साध्या साधनांत ते होते. त्यामुळे नव्या नियमाचा विचार करताना ही साधने नेमके काय करतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.

रबरी शिक्क्याची करामत

फोटोशॉपची पहिली आवृत्ती थॉमस व जॉन नॉल या बंधूंच्या प्रयत्नांतून फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. रबरी शिक्क्याचे चिन्ह असलेले साधन तिच्यात तेव्हापासून आहे. पुढे ते 'क्लोन स्टॅम्प' या नावाने ओळखले जाऊ लागले. कळफलकावरील 'ऑल्ट' ही कळ दाबून चित्रातील एका जागी क्लिक करायचे, म्हणजे नमुना निश्चित होतो. मग दुसऱ्या जागी ब्रश फिरविला की, पहिल्या जागेवरील ठिपके जसेच्या तसे तेथे उमटू लागतात. आकाशात डाग असेल तर शेजारचे निरभ्र आकाश त्यावर रंगवायचे. भिंतीवर विजेची तार असेल तर शेजारची भिंत रंगवायची. ब्रशची कड मऊ ठेवली, त्याची पारदर्शकता थोडी वाढविली आणि नमुना वरचेवर बदलत राहिले, तर सांधा दिसत नाही.

२००२ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने यात 'हीलिंग ब्रश' आणि 'पॅच' या दोन साधनांची भर घातली. क्लोन स्टॅम्प नमुना आहे तसा छापतो. हीलिंग ब्रश नमुन्यातील पोत तेवढा घेतो आणि उजेड व रंग मात्र जेथे छापायचे तेथील आजूबाजूचा स्वीकारतो. त्यामुळे गालावरील वण काढताना सावलीतील गाल सावळा आणि उजेडातील गाल उजळच राहतो. महाराष्ट्रातील फोटो स्टुडिओ आणि डीटीपी केंद्रांत ही सातवी आवृत्ती पुढच्या अनेक आवृत्त्या येऊन गेल्यानंतरही ठाण मांडून राहिली. कमी ताकदीच्या संगणकावरही ती चालत असे, हे त्याचे एक कारण. परवान्याची चौकशी सहसा कोणी करीत नसे, ही गोष्ट वेगळी.

'डॉज' आणि 'बर्न' ही जोडगोळी याहून जुन्या घराण्यातील. अंधाऱ्या खोलीत छाप काढताना कागदाचा एखादा भाग उजळ हवा असेल तर काडीला चिकटविलेली पुठ्ठ्याची चकती प्रकाशाच्या आड धरीत, आणि गडद हवा असेल तर हाताची मूठ अर्धवट उघडून तेवढ्याच भागावर जास्त वेळ प्रकाश पडू देत. संगणकावरील या दोन्ही साधनांची चिन्हे आजही तीच आहेत. एक काडीवरची चकती, दुसरे मुठीचे बोट. त्यांच्या सोबत साधा रंगाचा ब्रश असतो. तो चित्रात आधी नसलेला रंग सरळ ओततो.

यातील काहीही मराठी मुलखाला अनोळखी नाही. रोल आणि निगेटिव्हच्या काळात स्टुडिओत 'टचिंग' करणारा कारागीर वेगळा असे. टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच तो चेहऱ्यावरील सुरकुत्या सौम्य करी आणि छापील प्रतीवरील पांढरे ठिपके बारीक ब्रशाने रंगवून टाकी. घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यावर तिचे स्वतंत्र छायाचित्रच नसल्याचे लक्षात येई. मग एखाद्या लग्नातील सामूहिक छायाचित्रातून चेहरा वेगळा काढून, त्याला खांदे, कोट आणि टोपी जोडून भिंतीवर लावण्याजोगी तसबीर तयार होई. त्या कोटाबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही, कारण ती तसबीर कशाचा पुरावा आहे, असे कोणी मानलेच नव्हते. प्रश्न उद्भवतो तो ही सवय, हेच हात आणि हीच साधने बातमीच्या छायाचित्रापर्यंत पोहोचतात तेव्हा.

बैरूतचा धूर

५ ऑगस्ट २००६ रोजी इस्रायलच्या हवाई हल्ल्यानंतर बैरूतच्या उपनगरातून उठणाऱ्या धुराचे एक छायाचित्र रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जगभर पाठविले. ते अदनान हज या मुक्त छायाचित्रकाराचे होते. धुराचे लोट काळेकुट्ट आणि प्रचंड दिसत होते. मात्र बारकाईने पाहणाऱ्यांना त्यांत एकच वळसा पुन:पुन्हा दिसू लागला. धुराचा तोच गोळा ओळीने रचल्यासारखा होता, आणि खालच्या काही इमारतीही दुबार आल्या होत्या. शिक्का उमटविताना नमुना बदलायला विसरले की नेमके हेच होते. इंटरनेटवरील काही जणांनी ही बाब चव्हाट्यावर आणली आणि दुसऱ्याच दिवशी रॉयटर्सने छायाचित्र मागे घेतले. पाठोपाठ त्याच छायाचित्रकाराचे लढाऊ विमानाचे आणखी एक छायाचित्र सदोष निघाले. विमानातून सुटलेली एकच ज्वाला त्यात तीन करण्यात आली होती. संस्थेने त्याची सर्व, म्हणजे ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून टाकली. या विषयाची जबाबदारी असलेल्या एका छायाचित्र संपादकालाही पुढे नोकरी गमवावी लागली.

या प्रकरणातील खरा विचार करण्याजोगा भाग म्हणजे छायाचित्रकाराचे स्पष्टीकरण. हेतुपुरस्सर फेरफार केल्याचा त्याने इन्कार केला. आपण केवळ धुळीचे डाग काढत होतो आणि काम करतानाचा उजेड अपुरा असल्याने चूक झाली, असे त्याने सांगितल्याचे रॉयटर्सने जाहीर केले. धुराचे लोट वाढविण्याचे हे समर्थन कोणालाच पटले नाही, ते पटण्याजोगेही नव्हते. परंतु ते सुचू शकले, याचे कारण साधन खरोखरच धूळ काढण्याचे होते. शिवाय मूळ छायाचित्रातही धूर होताच, हल्लाही झालाच होता. वाढीव काळिम्याने बातमीत काडीचीही भर पडली नाही. नुकसान झाले ते ज्यांची घरे त्या हल्ल्यात पडली त्यांचे. कारण त्यानंतर काही काळ लेबनॉनमधून आलेल्या प्रत्येक छायाचित्राकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

त्याआधी तीन वर्षे, इराक युद्धाच्या वेळी, 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसराजवळ पाठोपाठ टिपलेल्या दोन छायाचित्रांतून एक तयार केले होते. एकातील सैनिकाचा हावभाव चांगला आणि दुसऱ्यातील जमाव चांगला, म्हणून दोन्हींचे मीलन केले गेले. ते ३१ मार्च २००३ रोजी पहिल्या पानावर छापून आले. पार्श्वभूमीतील काही माणसे दोनदा दिसत असल्याचे दुसऱ्या एका वृत्तपत्रातील कर्मचाऱ्याच्या लक्षात आले आणि वॉल्स्की यांना नोकरीवरून काढण्यात आले. दुबार आलेली माणसे, दुबार आलेला धूर. चोरी पकडली जाण्याचे कारण दोन्ही ठिकाणी एकच होते, आणि त्याचे महत्त्व पुढे येईल.

कोपऱ्यातला कॅमेरा

हज यांचे प्रकरण सोपे होते, कारण खोटेपणा ढळढळीत होता. नार्सिसो कॉन्ट्रेरास यांचे प्रकरण तितके सोपे नाही. सीरियातील युद्धाच्या छायाचित्रणासाठी असोसिएटेड प्रेसच्या ज्या चमूला २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यात ते होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी गोळीबारापासून आडोसा शोधणाऱ्या एका बंडखोराचे छायाचित्र घेतले. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता. वाचकाचे लक्ष विचलित होईल म्हणून त्यांनी त्यावर शेजारची जमीन आणि झुडपे रंगवून टाकली. नंतर त्यांनी स्वत:च हे संपादकांना सांगितले. एपीने त्यांच्या जवळपास ५०० छायाचित्रांची तपासणी केली, त्यात दुसरे एकही सदोष आढळले नाही. तरीही जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सारे काम विक्रीसंग्रहातून काढले.

शिक्षा कठोर झाली, असे अनेकांना वाटले. सैनिक खरा, लढाई खरी, जागा खरी. गेला तो केवळ एक कॅमेरा. पण तो कॅमेरा म्हणजे धूळ नव्हती. युद्धाच्या त्या क्षणी सैनिकाशेजारी आणखी कोणी चित्रण करीत होते, ही वस्तुस्थिती त्यातून कळत होती, आणि चित्रण सुरू असताना माणसाचे वागणे बदलते का, हा प्रश्न वाचकाला पडू शकला असता. तो प्रश्न पडण्याची संधी ब्रशाने काढून घेतली. काय महत्त्वाचे आणि काय बिनमहत्त्वाचे, हे पुसणाऱ्याने ठरवून टाकले. एपीच्या कठोरपणाचे समर्थन येथे करता येते. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने २०१० मध्ये एका विजेत्याचे पारितोषिक रद्द केले, तेव्हाही वस्तू अशीच क्षुल्लक होती. हाताला पट्टी बांधतानाच्या त्या दृश्यात मागे कोणाच्या तरी पायाचा तुकडा दिसत होता, तो त्याने काढला होता.

भारतातील उदाहरण लांबचे नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईतील महापुराची पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हवाई पाहणी केली, तेव्हा पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केलेल्या छायाचित्रांपैकी एकात विमानाच्या खिडकीतून पाण्यात बुडालेली वस्ती आश्चर्यकारक स्पष्टतेने दिसत होती. समाजमाध्यमांवर खिल्ली उडू लागल्यावर ते काढून टाकण्यात आले. दोन छायाचित्रे एकत्र करण्यात आली होती, हे कार्यालयाने मान्य करून निर्णयातील चूक म्हणून दिलगिरी व्यक्त केली. पाहणी झाली होती, पूरही होता. नसलेली गोष्ट दाखविण्याची काही गरजच नव्हती. इराणने जुलै २००८ मध्ये तीनऐवजी चार क्षेपणास्त्रे उडताना दाखविली किंवा इजिप्तच्या 'अल अहराम'ने २०१० मध्ये मागे चालणाऱ्या होस्नी मुबारक यांना सर्वांच्या पुढे आणून ठेवले, त्यामागे निदान राजकीय हिशेब तरी दिसतो. चेन्नईच्या खिडकीमागे आळसाखेरीज काय असावे, हे सांगणे कठीण.

मुंबईशी थेट नाते असलेले एक प्रकरण मात्र वेगळ्या जातीचे आहे. अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये मुंबईतील फॉकलंड रोडवरील वेश्यावस्तीत काम केले आणि १९८१ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. कोलकात्यातील सोनागाची वस्तीवर काम करणाऱ्या एका तरुण छायाचित्रकाराने त्या छायाचित्रांतील एक आकृती उचलून स्वत:च्या चित्राच्या पार्श्वभूमीत बसविली. २०१७ मध्ये भारतातील एका जाणकार वाचकाच्या ते लक्षात आले आणि छायाचित्रकाराने कबुली दिली. फॉकलंड रोडवर चार दशकांपूर्वी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली व्यक्ती तिच्या नकळत दुसऱ्या शहरातील दुसऱ्या दशकात 'राहायला' गेली. ज्यांच्या जगण्याची साक्ष म्हणून ही छायाचित्रे घेतली जातात, त्यांना यात काय स्थान उरते?

उजेड-अंधाराचा वाद

क्लोन आणि हीलिंगबाबत वृत्तसंस्थांचे नियम आता नि:संदिग्ध आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील धूळ वगळता चित्रात काही वाढवायचे नाही, काही काढायचे नाही. रॉयटर्सने तर नोव्हेंबर २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना 'रॉ' स्वरूपातून तयार केलेली चित्रे न पाठविता कॅमेऱ्यातून निघालेली मूळ जेपेग फाइलच पाठविण्याची सूचना दिली.

डॉज आणि बर्नचे तसे नाही. काळोखी खोलीचा वारसा म्हणून ही साधने माफक प्रमाणात मान्य आहेत, आणि 'माफक' या शब्दातच सारा वाद साठला आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २७ जून १९९४ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी घेतलेले छायाचित्र गडद करून छापले. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तेच छायाचित्र मूळ उजेडात छापले होते. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि कृष्णवर्णीय आरोपीला अधिक काळे करून अधिक धोकादायक भासविल्याचा आरोप झाला. येथे एकही ठिपका दुसरीकडून आणलेला नव्हता. उलटपक्षी, गाझातील अंत्ययात्रेच्या पॉल हॅन्सन यांच्या छायाचित्राला २०१३ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोचा पहिला मान मिळाल्यावर ते जोडकाम असल्याचा गवगवा झाला, तेव्हा तज्ज्ञांच्या तपासणीत सारा खेळ छटांचाच निघाला आणि मान कायम राहिला. म्हणजे काहीही न काढता अन्याय होऊ शकतो आणि पुष्कळ छटा बदलूनही खोटेपणा होत नाही. कोणते साधन वापरले, हे विचारून याचा निवाडा होत नाही. त्यामुळे पाहणाऱ्याची कोणती समजूत बदलली, हेच विचारावे लागते. 'आशयाचा विपर्यास' ही केंद्राच्या नियमातील शब्दयोजना त्या दृष्टीने योग्य म्हणावी लागेल. अडचण आहे ती ती सिद्ध करण्याची.

खूण उरत नाही

बैरूतचा धूर आणि बसराचा जमाव पकडला गेला, तो एकाच चित्रात एकच गोष्ट दोनदा आल्याने. क्लोन स्टॅम्पचा स्वभावच तो. दुसरीकडे टाकायचा ठिपका तो त्याच चित्रातून आणतो, म्हणून साम्य मागे राहते. चित्राचे लहान लहान चौकोन करून एकमेकांशी ताडून पाहणारी संगणकीय पद्धत याच स्वभावावर उभी आहे. सेन्सरची नैसर्गिक खरखर, जेपेग साठवणुकीच्या खुणा, सावल्यांच्या दिशा हे तपासाचे अन्य मार्ग. हॅनी फरीद यांच्यासारख्या संशोधकांनी हे शास्त्र गेल्या पाव शतकात नावारूपाला आणले.

साधने मात्र बदलत गेली. २०१० मध्ये फोटोशॉपमध्ये आलेले 'कंटेंट-अवेअर फिल' एकाऐवजी अनेक जागांहून तुकडे आणू लागले. मे २०२३ पासून आलेली 'जनरेटिव्ह फिल' सुविधा तर चित्रातून काहीच आणत नाही. रिकाम्या जागी काय असावे, याचा अंदाज बांधून ती नवेच ठिपके निर्माण करते. दुबार काही नाही, म्हणून सापडण्याजोगी जोडीही नाही. आणि हे आता कारागिराच्या हातात राहिलेले नाही. नको असलेली व्यक्ती बोटाने गोल करून पुसण्याची सोय गुगलने २०२१ मध्ये आपल्या फोनमध्ये दिली, ॲपलने २०२४ मध्ये. ज्या बोटाने फोनची काच पुसायची, त्याच बोटाने साक्षीदार पुसता येतो.

नव्या नियमाची कसोटी नेमकी येथे लागणार आहे. फोनमधील खोडरबर धुळीचा ठिपका काढतो तेव्हाही आतून कृत्रिम बुद्धिमत्ताच वापरतो. ते नेहमीचे संपादन मानावे लागेल. त्याच खोडरबराने मोर्चाच्या छायाचित्रातील लाठी काढली तर तो विपर्यास ठरेल. दुसरीकडे, जुन्या क्लोन स्टॅम्पने हाताने काढलेल्या लाठीचे काय? तिच्यात यंत्राची कल्पकता शून्य असली, तरी फसवणूक तेवढीच. साधनाच्या जातीवर बोट ठेवून केलेल्या तरतुदीतून नेमके असे काम निसटण्याचा धोका राहतो.

ब्रिटनमध्ये मार्च २०२४ मध्ये जे घडले, त्यात भविष्याची थोडी झलक दिसली. राजघराण्याने प्रसिद्ध केलेल्या वेल्सच्या राजकन्येच्या कौटुंबिक छायाचित्रात मुलीच्या बाहीजवळ विसंगती दिसताच एपी, रॉयटर्स, एएफपी आणि गेटी या संस्थांनी ते मागे घेण्याच्या सूचना काढल्या. हौशी छायाचित्रकारांप्रमाणे आपणही कधी कधी संपादनाचे प्रयोग करतो, असे सांगत राजकन्येने दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण मूळ छायाचित्र काही प्रसिद्ध झाले नाही. सारा संशय तेवढ्यावरच अडून राहिला, कारण तो फेडण्याचा एकमेव उपाय मूळ चित्र हाच होता.

मूळ कोठे आहे?

या प्रश्नाचे उत्तर खुद्द फोटोशॉपमध्ये १९९४ पासून आहे. त्या वर्षी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने 'लेअर' म्हणजे एकावर एक पारदर्शक थर ठेवण्याची सोय केली. चांगला कारागीर मूळ चित्राला हात लावत नाही. वर एक रिकामा थर घेतो, क्लोन आणि हीलिंगला खालच्या थरातून नमुना घेण्यास सांगतो आणि सगळी दुरुस्ती वरच्या थरावर करतो. वरचा थर बंद केला की मूळ चित्र जसेच्या तसे पुढे येते. शिकवणी वर्गांतून ही पद्धत सांगितली जाते ती चूक सुधारणे सोपे जावे म्हणून. प्रत्यक्षात तीच प्रामाणिकपणाची नोंदवही ठरू शकते. पण काम संपताच थर सपाट करून जेपेग काढली जाते, ती पाठविली जाते, आणि जागा वाचविण्यासाठी मूळ फाइल उडविली जाते.

नोंदवहीची हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविण्यासाठी २०२१ मध्ये 'सीटूपीए' नावाची संघटना स्थापन झाली. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी यांसारख्या संस्था तिच्या मुळाशी आहेत. छायाचित्र टिपताना कॅमेराच त्यावर सांकेतिक सही करतो आणि नंतर झालेले बदल त्या सहीच्या खाली नोंदले जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये लायका कंपनीने अशी सोय असलेला पहिला कॅमेरा विक्रीस आणला. योजना उत्तम असली तरी तालुक्याच्या बातमीदाराच्या हातात लायका नसतो. त्याच्या हातात फोन असतो आणि छायाचित्र कार्यालयात पोहोचते ते व्हॉट्सॲपवरून. तेथे चित्राचा आकार घटतो आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने, कोठे काढले, ही माहिती गळून पडते. तेच छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर मूळ फाइल टिकते. हा साधा फरक पाळायला खर्च काहीच नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, हे ठरविण्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण पुढे आले. अशा चित्रीकरणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र मूळ उपकरणच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिल्यास ते लागत नाही, असे न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही प्रमाणपत्राची व्यवस्था कायम ठेवली आणि त्यात फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदविण्याची भर घातली. चित्रातील एक ठिपका जरी बदलला तरी हे मूल्य पार बदलते.

पण हॅश काय सांगते, हे नीट समजून घ्यायला हवे. मूल्य काढल्यानंतर फाइलला कोणी हात लावला नाही, एवढेच त्यातून कळते. त्याआधी ब्रश फिरला होता की नाही, याबाबत ते मूक असते. रंगविलेल्या छायाचित्राचेही हॅश तितकेच निर्दोष निघते. पोलिसांसाठी ही फट बऱ्याच अंशी बुजविण्याचा प्रयत्न झाला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आणि त्यासाठीच्या 'ई-साक्ष्य' ॲपमध्ये चित्रीकरण घटनास्थळावरूनच नोंदविले जाते. बातमीदाराने टिपलेल्या किंवा मोर्चात सापडलेल्या नागरिकाने स्वत:च्या फोनवर काढलेल्या छायाचित्राला असे कोणतेही कवच नाही. त्याला जपून ठेवावा लागतो तो फोन, आणि त्यातील पहिली, न पुसलेली फाइल.